आडातील पाणी व प्लास्टिकचा चुरा

गेल्या मे महिन्यात, शाळा बंद असता, माढा तालुक्यातील आमच्या एका वस्तीवर शब्बाथशाळेच्या मुलांकडून आम्ही एक लहानसा प्रयोग करविला. वस्तीजवळ जुनी दगडी बांधणीची विहीर आहे. तिच्या आसपास शहर नाही, कारखाना नाही, कोणा गावचे सांडपाणीही ओढ्यावाटे तीत येत नाही. उन्हाळ्यात तिचे पाणी खोल जाते, पण आटत नाही, आणि ते निर्मळ असल्याची ख्याती पंचक्रोशीत आहे. मुलांनी ह्या विहिरीचे दहा घागरी पाणी एका धुतलेल्या चौपदरी, पांढऱ्या सुती फडक्यातून गाळले, वाऱ्याची धूळ बसू नये म्हणून फडके पातेल्यात झाकून वाळविले, व दुसऱ्या दिवशी भिंगाखाली धरून पाहिले. फडक्यावर माती होती, शेवाळाचे कण होते, एका किड्याचा पंख होता. त्यांच्या जोडीला केसाहून बारीक असे निळे व तांबडे तंतू होते, आणि दोनतीन ठिकाणी बाजरीच्या कणीएवढ्या, एका अंगाने रुपेरी व दुसऱ्या अंगाने काळ्या, अशा टिकल्या होत्या.

रंगीत तंतू सुताचाही असू शकतो. म्हणून मुलांस एक कसोटी शिकविली होती. दिव्यावर तापविलेली सुई तंतूजवळ नेली असता सुताचा तंतू जागच्या जागी राहतो, फार तर करपतो. प्लास्टिकचा तंतू मात्र जिवंत असल्यासारखा आखडतो व त्याची गुठळी होते. प्रयोगशाळांतूनही ही सुईची परीक्षा करितात. आमच्या निळ्या तंतूंपैकी बहुतेक आखडले. पाहावयास जमलेल्या मंडळीत एक आजीबाई होत्या. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, ह्या हिरीत पुण्यामुंबईचा कचरा कुठनं येतोय? हितं तर येस्टीसुदिक दिसातनं एकडावच येती."

प्रश्न मोठा मार्मिक होता, व त्या वेळी मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. दूरच्या व निर्मळ म्हणविणाऱ्या पाण्यात प्लास्टिक जाते कसे, हे मी पुढे वाचून समजून घेतले. तेच येथे वाचकांपुढे ठेवितो.

प्रथम ह्या पदार्थाविषयी. पाच मिलिमीटरहून लहान, म्हणजे अदमासे हरभऱ्याच्या डाळीहून लहान, अशा प्लास्टिकच्या कणांस सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. इंग्लंडातील प्लिमथ येथील रिचर्ड टॉम्प्सन नामक प्राध्यापकांनी २००४ साली समुद्रकाठच्या वाळूत व गाळात असे कण दाखवून दिले, आणि तेव्हापासून हे नाव सर्वत्र रूढ झाले. कित्येक कण मूळचेच बारीक बनविलेले असतात, परंतु बहुतेक सगळे मोठ्या वस्तूंच्या मोडतोडीने होतात. लाकूड कुजते, कापूस कुजतो, हाडाचीही कालांतराने माती होते. प्लास्टिकाचे असे होत नाही. उन्हाने ते ठिसूळ होते, घर्षणाने तुटते, तुटलेले पुन्हा तुटते. पण कण कितीही लहान झाला तरी तो प्लास्टिकच राहतो. त्यास खाऊन त्याची माती करील असा जीव निसर्गात जवळजवळ नाही, आणि जे थोडे आहेत त्यांचे काम अतिशय संथ आहे.

हा पदार्थ आपल्या आजोबांच्या घरी नव्हता. १९५० साली साऱ्या जगात सुमारे २० लाख टन प्लास्टिक तयार होत असे; २०१५ साली तो आकडा ३८ कोटी टनांवर गेला. तोपर्यंत एकंदर ८३० कोटी टन प्लास्टिक बनले होते, आणि त्यातील जे टाकाऊ झाले त्यापैकी शेकडा ९ पुन्हा उपयोगात आणिले गेले, शेकडा १२ जाळले गेले, व बाकीचे शेकडा ७९ कचऱ्याच्या ढिगांत किंवा रानावनांत पडून राहिले. जे पडून राहिले तेच हळूहळू चुरा होत आहे.

आता आजीबाईंच्या प्रश्नाकडे वळू. दूरचे पाणी तरी शुद्ध असेल, अशी समजूत शास्त्रज्ञांचीही पुष्कळ काळ होती. फ्रान्स व स्पेन ह्यांच्या सीमेवर पिरनीज नावाची पर्वतांची रांग आहे. तिच्या फ्रान्सकडील अंगास, सर्वांत जवळचे खेडे दोन कोसांवर, अशा एका उंच निर्जन जागी शास्त्रज्ञांनी २०१७-१८ च्या हिवाळ्यात पाच महिने भांडी मांडून आकाशातून काय पडते ते धरले. पावसाबरोबर, बर्फाबरोबर व कोरड्या धुळीबरोबर दर चौरस मीटरवर दररोज सरासरी ३६५ प्लास्टिकचे कण पडत होते. वाऱ्याचा माग काढता ते कण ९५ किलोमीटर किंवा त्याहूनही दूरून आले असावेत असे दिसले. एव्हरेस्ट शिखराजवळ ८,४४० मीटर उंचीवरून २०१९ साली आणलेल्या बर्फातही असे तंतू निघाले. ते बहुधा चढणाऱ्यांच्या कपड्यांचे व तंबूंचेच होते. तेव्हा येस्टी न जावो, वारा सर्वत्र जातो.

परंतु मला ह्याहूनही विचार करावयास लाविले ते मंगोलिया देशातील खुव्सगुल नावाच्या सरोवराच्या हकिकतीने. हे सरोवर डोंगरांत आहे, फार मोठे आहे, व त्याच्या काठी वस्ती अगदी विरळ आहे. त्याच्या पाण्यावरील प्लास्टिकची मोजदाद २०१४ साली प्रसिद्ध झाली. दर चौरस किलोमीटरास सरासरी २०,२६४ कण भरले, म्हणजे अमेरिकेतील ह्युरन व सुपीरियर ह्या, काठी अधिक वस्ती असलेल्या, महासरोवरांत आढळले त्याहून अधिक. हे कण कोणत्या जातीचे होते? कारखान्यातील गोळ्या त्यांत फारच थोड्या होत्या. बहुतेक सारे पिशव्यांचे, बाटल्यांचे व मासे धरण्याच्या सामानाचे तुकडे होते, आणि ज्या नैर्ऋत्य काठावर लोक राहतात व प्रवासी उतरतात, तेथे ते सर्वांत दाट होते. म्हणजे त्या निर्मळ पाण्यात घाण आणली ती कोणा दूरच्या राजधानीने नव्हे. काठच्या मूठभर माणसांनीच, कचऱ्याची काही व्यवस्था नसल्यामुळे, ती केली.

दूरच्या पाण्याकडे प्लास्टिक जाण्याच्या वाटा ह्याप्रमाणे दोन आहेत. एक परक्याची, एक आपली. आमच्या तालुक्यात दोन्ही वाटा वाहत्या आहेत.

परक्याची वाट म्हणजे भीमा. भीमाशंकराहून निघालेल्या ह्या नदीस तुळापूर येथे इंद्रायणी मिळते, आणि पुढे दौंड तालुक्यात मुळामुठा येऊन मिळते. मुळामुठेतून पुणे व पिंपरी-चिंचवड ह्या दोन मोठ्या शहरांचे पाणी येते. शहराचे पाणी म्हणजे केवळ न्हाणीचे पाणी नव्हे. ज्या कपड्यांस आपण टेरिलीन किंवा पॉलिस्टर म्हणतो, ते प्लास्टिकच्याच धाग्यांचे असतात व दर धुण्यास ते झडतात. २०१६ साली इंग्लंडात एक मोजणी झाली. तीत सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून ७ लाखांवर तंतू सुटत असल्याचे अनुमान निघाले. सांडपाणी शुद्ध करण्याच्या चांगल्या केंद्रात ह्यातील बहुतेक तंतू गाळात अडकतात, परंतु सगळे सांडपाणी केंद्रापर्यंत पोहोचत नाही. जे पोहोचत नाही ते नदीने खाली येते, आणि माढा तालुक्यातील उजनी येथील धरणात थांबते.

उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. त्यात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. वाहते पाणी जेथे थांबते तेथे त्यातील ओझे खाली बसते, हे गढूळ पाण्याचा हंडा ठेवून पाहणाऱ्या प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. दुधाच्या पिशवीचे प्लास्टिक पाण्याहून हलके असते, ते तरंगत काठास लागते. पाण्याच्या बाटलीचे व पॉलिस्टरचे प्लास्टिक पाण्याहून जड असते, ते चिखलाबरोबर तळास जाते. तरंगणाऱ्या कणांवरही काही दिवसांनी शेवाळ धरते व तेही बुडू लागतात. ह्याच जलाशयाचे पाणी कालव्यांनी, बोगद्यावाटे सीनेत व पंपांनी शेतांवर जाते, त्यातील मासे बाजारात येतात, आणि भिगवणच्या बाजूस उथळ पाण्यातील चिखल चोचीने गाळून अन्न मिळविणारे रोहित पक्षी दर हिवाळ्यात उतरतात. तळ्यातील गाळ शेतात नेण्याची सरकारी योजना २०१७ साली सुरू झाली. त्या गाळाने माळरानाची काळी जमीन झालेली पुष्कळांनी पाहिली आहे, आणि मी काही त्याविरुद्ध बोलणार नाही. इतकेच सांगतो की, गावाखालच्या तळ्याचा गाळ ट्रॉलीत भरण्यापूर्वी त्यातील पिशव्या व बाटल्या वेचून काढाव्यात. नांगरट झाल्यावर त्या वेचता येत नाहीत.

टेंभुर्णी व मोडनिंब ह्या गावांवरून पुणे-सोलापूर रस्ता जातो. त्यावर रात्रंदिवस मोटारी धावतात. मोटारीचा टायर झिजतो, ती झीज जाते कोठे, असे मी एका मुलास विचारिले. तो म्हणाला, हवेत. बरोबर आहे. टायरमधील कृत्रिम रबराची ही धूळ सूक्ष्म प्लास्टिकातच धरितात, आणि पहिल्या पावसात ती ओढ्यांस मिळते.

येथवर वाचून कोणी वाचक म्हणेल, मग आमचा काय अपराध? पुणे घाण करते, मोटारी घाण करितात, आम्ही खेडवळ माणसे ती पितो. ही तक्रार खोटी नाही. परंतु आमच्या त्या विहिरीस ना भीमेचे पाणी लागते, ना ती सडकेजवळ आहे. आणि फडक्यावरील रुपेरी-काळ्या टिकल्यांनी तर सारा उलगडाच केला. ज्याने कलिंगडाचे किंवा खरबुजाचे पीक घेतले आहे, त्यास त्या ओळखण्यास भिंगही लागू नये. तो मल्चिंग पेपर होता.

मल्चिंग पेपरने पाण्याची बचत होते व तण मरते. जेथे वर्षास पाचसहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही वेळेवर पडेल असा भरवसा नाही, तेथे शेतकऱ्याने तो का वापरू नये? ठिबकाच्या नळ्या, शेततळ्याचा कागद, खताच्या गोण्या, प्लास्टिकची सुतळी, द्राक्षबागेवरील जाळी, ह्यांवाचून आज माढ्याची बागायत उभी राहात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०२१ साली असे प्रसिद्ध केले की, जगात पिके व जनावरे ह्यांच्या उत्पादनात दरसाल सव्वा कोटी टन प्लास्टिक लागते. प्रश्न त्याच्या वापराचा नाही. पीक निघाल्यावर तो कागद कोठे जातो, हा आहे.

आपण थोडे गणित करू. भाजीपाल्यास वापरण्याचा मल्चिंग पेपर बहुधा २५ ते ३० मायक्रॉन जाडीचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटराचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे हा कागद केसाच्या निम्म्याहूनही पातळ. एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशा तुकड्याचे एक मिलिमीटरचे चौकोन केले तर १० लाख होतात. एक एकर रानात गादीवाफ्यांवर सुमारे २,००० चौरस मीटर कागद पसरला, असे धरू. २५ मायक्रॉनच्या हिशेबाने त्याचे वजन भरेल सुमारे ४६ किलो, अर्धे पोतेसुद्धा नाही. त्याचा असा चुरा झाला तर कण होतील २०० कोटी. आता पुष्कळ ठिकाणी काय करितात? दोनचार मोठे फाटे ओढून बांधावर टाकितात, उरलेल्यावर रोटाव्हेटर फिरवितात, व रान पुढच्या पिकास तयार करितात. रोटाव्हेटर हे ह्या कामी चुरा करण्याचे यंत्रच होय. बांधावरचा कागद उन्हाने दोन वर्षांत ठिसूळ होऊन वाऱ्यावर जातो, रानातला पावसाने वाहतो किंवा मातीत राहतो. गांडुळे असे कण आपल्या बिळांवाटे खोल नेतात, असे २०१७ सालच्या एका प्रयोगात दिसून आले आहे. शेतकऱ्याचा मित्र बिचारा अजाणता हेही काम करितो.

काही शेतकरी कागद जाळून मोकळे होतात. तो धूर लेकराबाळांच्या छातीत जातो, आणि अर्धवट जळलेले गोळे रानातच राहतात. जाळणे हा उपाय नव्हे.

राहिले निळे तंतू. ते कोठले, ह्याचा तपास आजीबाईंनीच लाविला. मुले तंतू दाखवीत असता त्यांनी एकवार आपल्या पदराकडे पाहिले, मग विहिरीच्या थारोळ्यापाशी असलेल्या धुण्याच्या दगडाकडे पाहिले, आणि "आगं बया!" इतकेच म्हणाल्या. त्यांची साडी निळ्या पॉलिस्टरची होती. सगळ्या वस्तीचे धुणे त्याच दगडावर आपटले जाते, व तेथील पाणी फटीवाटे पुन्हा विहिरीत झिरपते. सुती चादरींबद्दल ज्या सोलापूरचे नाव सर्वत्र आहे, त्याच जिल्ह्यातील आम्ही आज अंगावर प्लास्टिक नेसतो, कारण ते स्वस्त पडते व लवकर वाळते. गरिबास त्याबद्दल बोल लाविता येत नाही. पण धुण्याचा दगड विहिरीपासून वीसपंचवीस पावले उताराच्या अंगास नेता येतो, आणि तेथील पाणी उघड्यावर न सोडता वाळूच्या शोषखड्ड्यात सोडता येते. आमच्या वस्तीने दगड हलविला आहे.

आता, हे पाणी पिऊन अपाय होतो काय? ह्याविषयी भीती घालणे मला पसंत नाही, कारण सिद्ध झालेले थोडे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली असा अभिप्राय दिला की, पिण्याच्या पाण्यात जितके कण आढळतात तितक्यांनी आरोग्यास धोका असल्याचे उपलब्ध पुराव्यावरून दिसत नाही, तथापि अधिक शोध हवा. रोगजंतूंचा धोका ह्याहून कितीतरी मोठा आहे, असेही तिने स्पष्ट सांगितले. त्यानंतर पुढील माहिती मिळाली. २०२२ साली नेदरलँड्स देशात २२ माणसांचे रक्त तपासले, त्यापैकी १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक निघाले. २०२४ साली इटलीतील वैद्यांनी मानेतील मोठ्या रक्तवाहिनीत साचलेला थर काढलेल्या २५७ रोग्यांची हकिकत प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक रोग्यांच्या त्या थरात पॉलिथीन सापडले, आणि ज्यांच्यात सापडले त्यांना पुढील सुमारे तीन वर्षांत हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या साडेचार पट दिसला. प्लास्टिकनेच तो आला, असे ह्यावरून ठरत नाही. परंतु निश्चिंत राहावे असेही ठरत नाही.

जारचे किंवा बाटलीचे विकतचे पाणी घेतल्याने सुटका होईल, असे कित्येकांस वाटते. २०१८ साली नऊ देशांतील, त्यांत आपलाही देश होता, २५९ बाटल्या तपासल्या, तेव्हा शेकडा ९३ बाटल्यांत हे कण निघाले. बाटली प्लास्टिकची, बूच प्लास्टिकचे. मग पाणी कसे सुटेल?

ह्या बाबतीत आमच्या भागास एक अनपेक्षित लाभ आहे. आमच्याकडील बोअरचे पाणी जड असते. त्यात डाळ शिजत नाही, साबणास फेस येत नाही, आणि तपेल्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो, म्हणून बायका त्यास नावे ठेवितात. चीन देशातील क्वांगचौ येथील शास्त्रज्ञांनी २०२४ साली असे दाखविले की, जड पाणी उकळले असता हाच चुन्याचा थर प्लास्टिकच्या कणांभोवती बसतो व त्यांस घेऊन तळास जातो. नंतर पाणी गाळले असता फार जड पाण्यातील शेकडा ९० पर्यंत कण निघून जातात. हलक्या पाण्यातील शेकडा २५ च्या आसपासच. म्हणून लहान मुलांसाठी, गरोदर स्त्रियांसाठी व आजाऱ्यांसाठी तरी पाणी पाच मिनिटे खळखळ उकळावे, झाकून निवू द्यावे, तळ न हलविता घट्ट विणीच्या सुती फडक्यातून गाळावे, व तांब्याच्या, पितळेच्या किंवा मातीच्या भांड्यात भरावे. रोगजंतूही त्यानेच मरतात, तेव्हा सरपण फुकट गेले असे होत नाही. तळाचा पांढरा चुरा पुन्हा विहिरीजवळ ओतू नये, इतके ध्यानात असावे.

मंडळीच्या जेवणांविषयी दोन शब्द लिहितो, कारण हा दोष आमचाच आहे. कापणीच्या सणास व नाताळास आपण थर्माकोलच्या पत्रावळी व कागदी म्हणविणारे पेले आणितो. पेल्याच्या आतल्या अंगास प्लास्टिकचा पातळ लेप असतो. खडगपूरच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी २०२० साली सांगितले की, अशा पेल्यात १०० मिलिलिटर ऊन पाणी पंधरा मिनिटे राहिले तर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. महाराष्ट्र सरकारने थर्माकोलच्या ताटल्यांवर २०१८ सालीच बंदी घातली आहे, तरी मागच्या एका सणानंतर मंदिराच्या आवारात त्यांचा ढीग मी स्वतः पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी वाऱ्याने तो शेजारच्या तुरीत गेला. शेजाऱ्याने येऊन चार शब्द ऐकविले. ते मी मुकाट्याने ऐकून घेतले, कारण त्यात खोडून काढण्याजोगे काही नव्हते. आता मंडळीने शंभर पोलादी ताटे वर्गणीने घेतली आहेत. ती घासण्याची पाळी तरुणसंघाकडे आहे, व ती फार आनंदाने पार पडते असे मी म्हणणार नाही.

मल्चिंग पेपरचे कोडे मात्र सुटलेले नाही. आमच्या मंडळीतील एका कलिंगडवाल्याने ह्या वर्षी रोटाव्हेटर फिरविण्यापूर्वी चार मजूर लावून दीड एकरातील सारा कागद हाताने गोळा केला व त्याच्या गठड्या बांधून ट्रॅक्टरने भंगारवाल्याकडे नेल्या. भंगारवाल्याने गठडी उचलून पाहिली. माती लागल्याने तिचे वजन दुणावले होते. माती झटकून, धुऊन आणाल तर घेतो, असे तो म्हणाला. धुवावयाचे तर पुन्हा विहिरीवर, आणि मजुरी तर आधीच कागदाच्या भंगारमोलाहून अधिक झालेली. गठड्या सांप्रत त्याच्या गोठ्याच्या माळ्यावर, उन्हापावसापासून दूर, ठेविल्या आहेत. त्याच गावचे आणखी सहा शेतकरी आपापला कागद तेथेच आणून टाकण्यास राजी झाले आहेत. एक ट्रकभर माल साचला तर पुण्याकडील एखादा कारखाना गाडी पाठवील की काय, ह्याची चौकशी त्यांनी चालविली आहे. ज्या वाचकांच्या गावी असा कागद मातीसह घेणारा कोणी असेल, त्यांनी आम्हांस कळवावे.